रंग बदलणारं फूल हवंय? खळ्यातला हिशेब आधी मांडा

४,६६० रुपये. माझ्या बागेच्या वहीत 'पॅनिकल हायड्रेंजिया' या नावाखाली पहिल्या वर्षाचा एवढा खर्च लिहिलेला आहे आणि समोरच्या रकान्यात मिळालेली फुलं : एक गुच्छ. तोही पांढऱ्याचा गुलाबी न होता थेट तपकिरी पडलेला.

तेव्हापासून पिंगुळीतल्या आणि आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी मला याच झाडाबद्दल विचारलं आहे. कुणाच्या मोबाइलवर फोटो असतो, कुणाला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांसमोर हे झाड हवं असतं. पिंगुळीतल्याच गुढीपुरात ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी बघायला येणारी माणसं हल्ली गावातच मुक्काम शोधतात, तेव्हा खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सजवावंसं वाटणं साहजिक आहे. फोटोही भूल पाडणारे असतात : शंकूच्या आकाराचा वीतभर गुच्छ, आधी पोपटी, मग दुधासारखा, मग खालून वर गुलाबी चढत गेलेला. मी भुलले होते. म्हणून जे प्रत्येकाला तोंडी सांगते ते इथे आकड्यांसकट लिहिते. भाव कुडाळ-सावंतवाडीच्या बाजूला मी स्वतः मोजलेले आहेत. रोपवाटिकेगणिक आणि मोसमागणिक ते कमी-जास्त होणारच, तेव्हा ते अंदाज म्हणून धरा.

तो रंग थंडीचा आहे

पॅनिकल हायड्रेंजिया मूळचं जपान, चीन, कोरिया आणि त्याच्याही उत्तरेच्या साखालिन बेटाकडचं. कडक हिवाळ्यात ते पानं झाडून झोपतं, वसंतात नवी फांदी काढतं आणि त्याच फांदीच्या टोकाला गुच्छ धरतं. आपण ज्याला पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे फुलाबाहेरची हिरवी पानंच रंगीत होऊन मोठी झालेली. कळी उमलताना त्यांत हरितद्रव्य असतं म्हणून ती पोपटी दिसतात. ते ओसरलं की पांढरी. मग उन्हाळा सरतो, रात्री गार व्हायला लागतात आणि त्या गारव्यात निदलांमध्ये गुलाबी-तांबडं रंगद्रव्य साठत जातं.

आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरच्या रात्री २३-२४ अंशांच्या असतात. पाठोपाठ ऑक्टोबरची काहिली. फुलाला गुलाबी व्हायची वेळच येत नाही, ते वाळतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंगावर गोधडी घ्यावी लागते हे खरं, पण तेवढ्या गारव्यावर हे झाड नीट झोपत नाही, आणि नीट न झोपलेलं झाड पुढच्या वर्षी जोमाने फुटत नाही. खत, औषध, पाणी या कशानेही ही उणीव भरून निघत नाही. विकत घेता येत नाही अशी ती एकच गोष्ट आहे.

माझा हिशेब असा झाला. ऑनलाइन मागवलेली तीन रोपं, ६५० रुपयांना एक, म्हणजे १,९५० आणि पाठवणावळ २५०. चौदा इंची तीन कुंड्या, ६६०. कोकोपीटची पाच किलोची वीट, वीस किलो गांडूळखत, दोन किलो निंबोळी पेंड मिळून ६००. दुपारचं ऊन सोसवेना म्हणून हिरवी जाळी, बांबू आणि सुंभ, आणखी ६००. आणि एका गड्याची एका दिवसाची मजुरी ६००. रोपं आली मे महिन्यात. दोन आषाढातच कुजली. मी कुंड्या पडवीच्या कडेला ठेवल्या होत्या आणि कौलांच्या पागोळ्या नेमक्या कुंडीत पडत होत्या. माती उडून मुळं उघडी पडली, खाली पाणी साचलं आणि खोड बोटाने दाबलं तर साल निसटून हातात आली. तिसऱ्याने ऑक्टोबरात तो एक गुच्छ दिला.

त्यामुळे कुणी पिंगुळीत, माणगावात किंवा मालवणात पॅनिकल लावतो म्हणाला तर मी स्पष्ट सांगते, लावू नका. 'लाइमलाइट', 'व्हॅनिला स्ट्रॉबेरी' ही जातींची नावं कितीही गोड वाटली तरी.

कुंडीतला निळा : फुलासाठी घ्या, झाडासाठी नको

हायड्रेंजियाचा दुसरा प्रकार रोपवाटिकेत दिसतो. मोठ्या, जाड, दातेरी पानांचा, चेंडूसारख्या गोल गुच्छाचा. उटी, मुन्नार, दार्जिलिंगच्या बंगल्यांसमोर असतो तोच. याचाही रंग बदलतो, पण कारण अगदी वेगळं आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. याचा रंग मातीवर ठरतो. आम्लधर्मी मातीत अॅल्युमिनियम विरघळतं, मुळं ते उचलतात आणि फूल निळं होतं. चुनखडीच्या मातीत अॅल्युमिनियम बांधलेलं राहतं आणि फूल गुलाबी येतं. पांढऱ्या जातीवर यातल्या कशाचाच परिणाम होत नाही, आणि पॅनिकलवर तर मुळीच नाही. 'पॅनिकलला तुरटी घाला, निळं होईल' असं सांगून कुणी तुरटीची पुडी विकत असेल तर घेऊ नका.

आपली तांबडी जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी. जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस तिच्यातले क्षार धुऊन नेतो, मागे लोह आणि अॅल्युमिनियम राहतं. म्हणजे मुंबई-पुण्याची माणसं ज्या निळ्यासाठी पुड्या विकत आणतात तो आपल्या मातीत फुकट आहे. भरडावरची तांबडी माती दोन भाग, कुजलेला आंब्या-फणसाचा पालापाचोळा एक भाग, नारळाच्या सोडणांचा भुसा एक भाग. कुंडीत एवढं पुरतं. फक्त बांधकामातला सिमेंटचा चुरा त्यात येऊ देऊ नका आणि नव्या सिमेंटच्या कुंडीत हे झाड लावू नका. सिमेंटमधला चुना मातीत उतरतो आणि निळा जाऊन मळकट जांभळा येतो. वाटलंच तर वाण्याकडची तुरटी, लिटरभर पाण्यात चहाचा सपाट चमचा, पंधरवड्यातून एकदा. तीही कळ्या धरण्याआधी. फूल उमलल्यावर घातलेल्या तुरटीने त्या फुलाचा रंग बदलत नाही.

आता खर्च. फुललेली कुंडी हिवाळ्यात २५० ते ४०० रुपयांना मिळते. ती सावलीत, सकाळचं कोवळं ऊन लागेल अशी ठेवली आणि मातीला ओल राखली तर फूल पाच-सहा आठवडे टिकतं. इथपर्यंत सौदा चांगला. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा फुलेल या आशेवर ४०० रुपये घालू नका. तिलाही कळी धरायला आणि ती जागी व्हायला थंडी लागते, आणि कळी धरते ती जुन्या फांदीवर. म्हणून छाटलेली कुंडी वर्षभर नुसती पानं दाखवत बसते. डोंगरावरून फुलवून आणलेलं झाड आपल्याकडे एकदाच फुलतं असं धरून चाललेलं बरं. चतुर्थीला आपण हारावर खर्च करतोच, तसाच हा समजायचा. आणि दारात शेळ्या-गुरं असतील तर कुंडी उंचावर ठेवा. हायड्रेंजियाची पानं-कळ्या खाल्ल्या तर जनावराला बाधतात.

मधुमालतीवर पैसे घाला

माझे ते तीन हायड्रेंजिया आले त्याच मेमध्ये शेजारच्या काकी कुंपणावरून बघत होत्या. त्यांच्या खळ्यापुढच्या माटवावर, म्हणजे मांडवावर, मधुमालती आहे, त्यांच्या लग्नाच्या वेळेपासूनची. त्या म्हणाल्या, "कित्याक गो पैसे मोडतस? माझ्या माटवाखाली फुटवे भरपूर इले हत. पावस पडलो काय ये आणि घेवन जा." मी हसून विषय टाळला. पुढच्या मृगात मात्र गोणपाट घेऊन गेले.

रंग बदलणारा, झुबक्यांनी लटकणारा, नव्या फांदीवर फुलणारा, म्हणजे पॅनिकलकडून आपल्याला जे जे हवं ते सगळं मधुमालतीत आहे, आणि तिला थंडी लागत नाही. तिचा रंग रात्रींच्या गारव्यावर अवलंबून नसून फुलाच्या वयावर चालतो. मी हे एका झुबक्याला दोरा बांधून पाहिलं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला लांब नळीच्या टोकाशी पाच पाकळ्या सुटल्या, पांढऱ्याशुभ्र, तोंड किंचित वर केलेलं. दिवे लागल्यावर वास आला आणि दोन मोठे पतंग नळीत सोंड घालून जागच्या जागी भिरभिरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच फुलं गुलाबी होती आणि माना खाली झुकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी गडद लाल. पांढरं रात्रीच्या पतंगासाठी, तांबडं दिवसाच्या मधमाश्या आणि शिंजिरांसाठी. रोज नवी फुलं उमलत असल्याने एकाच झुबक्यात तिन्ही रंग एकत्र दिसतात. सतराव्या शतकात अंबोन बेटावर वनस्पतींची नोंद करणारा रुम्फियस या वेलाच्या वागण्याने चक्रावला आणि त्याने लॅटिनमध्ये नाव दिलं 'क्विस्क्वालिस', म्हणजे 'कोण? कसा?'. जुन्या पुस्तकांत अजून तेच नाव आढळतं.

रोप रोपवाटिकेत ८० ते १५० रुपयांना मिळतं. दुहेरी पाकळीचं महाग असतं. माझं मत विचाराल तर एकेरीच घ्या : पतंग येतात ते त्याच्यावर. शेजारी वेल असेल तर रोपाचा खर्च शून्य. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. जांभा लागला तर पहारीचं काम, म्हणजे गड्याचा अर्धा दिवस, ३०० रुपये. दोन गोणी कुजलेलं शेणखत २००, किलोभर निंबोळी पेंड ५०. रोपाचे १२० धरले तर ६७० रुपयांत वेल लागला.

खरा खर्च मांडवाचा, आणि तिथे काटकसर करू नका. मी पहिल्या वर्षी ६०० रुपयांत बांबूची कमान उभी केली. दुसऱ्या जुलैत वेल तिच्यावर पुरता पसरला होता, पानं पावसाने जड झाली होती, आणि एका रात्रीच्या वाऱ्यात कमान वेलासकट अंगणात आडवी झाली. वेल वाचला. कमान जळणात गेली. नंतर लोखंडी पाइपांची, गंजरोधक रंग दिलेली, पायात काँक्रीट भरलेली कमान वेल्डरकडून करून घेतली, ती ७,००० रुपयांना पडली. वर्षाआड गंज घासून रंगाचा हात दिला तर ती बरीच वर्षं टिकावी. एवढे पैसे एकदम नसतील तर चिऱ्याच्या गडग्यावर सोडा. गडगा वेलाचं वजन आरामात पेलतो.

दोन ठिकाणी मात्र वेल सोडू नका. एक, घरात येणाऱ्या विजेच्या तारेजवळ. दुसरं, मंगळुरी कौलांच्या छपरावर. कोवळे शेंडे कौलाच्या फटीतून आत शिरतात, जाड होतात आणि कौल उचलतात. वरून काहीच दिसत नाही. पाऊस सुरू झाला की माळ्यावर गळायला लागतं, आणि मग कौलं परतायला दोन माणसांचे दोन दिवस, फुटलेली कौलं वेगळी. आमच्या वाडीतल्या एका घरात फुकट आणलेल्या वेलाचा असा साडेतीन हजारांचा खर्च मी पाहिला आहे.

देखभाल सोपी आहे. पावसाळा आणि त्यानंतरचा मुख्य बहर ओसरला की डिसेंबरच्या सुमारास जुन्या फांद्या निर्धास्त निम्म्यावर कापा. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणीने नुकसान होत नाही, उलट झुबके वाढतात. गळून गेलेल्या पानांचे देठ खोडावर काट्यासारखे उरतात, तेव्हा हातमोजे घाला किंवा जुनी गोणी हाताला गुंडाळा. मार्च ते मे आठवड्याला दोनदा भरपूर पाणी, एरवी काही नाही. नायट्रोजनयुक्त खत हात सैल सोडून घालू नका. युरियाने पानांचं रान माजतं आणि फुलं हरवतात. मुळांतून येणारे फुटवे मात्र दर पावसाळ्यात उपटत राहा, नाहीतर पाच वर्षांत खळं वेलाचं होईल. वर्षाचा चालू खर्च अर्ध्या दिवसाचा गडी आणि दोन गोणी शेणखत मिळून ५००.

एका दिवसात रंग बदलणारं झाड

वेल नको, झाडच हवं असेल त्यांच्यासाठी स्थलपद्म आहे. जास्वंदीच्याच कुळातलं, मूळ दक्षिण चीनचं, पानं भेंडीच्या पानांची आठवण करून देणारी, रुंद आणि लवदार. रोपवाटिकेत हे नाव ओळखलं नाही तर 'सकाळी पांढरी आणि संध्याकाळी तांबडी होणारी जास्वंद' म्हणा. सकाळी वाटीएवढं पांढरं फूल, दुपारी गुलाबी, दिवेलागणीला किरमिजी. थंड, ढगाळ दिवशी रंग सावकाश चढतो. बहर पावसाच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका पाहुण्यांच्या दिवसांत.

रोप ६० ते १२० रुपये. खड्डा-खत धरून एक झाड ४०० रुपयांच्या आसपास पडतं. दोन झाडांत सहा फूट अंतर ठेवा, कारण दुसऱ्याच वर्षी ते डोक्यावर जातं. एक झाड विकत घ्या आणि बाकीची त्याच्या फांद्यांपासून करा. पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी पावसाच्या तोंडावर ओल्या मातीत खोचली की महिन्याभरात मुळं धरते. याचा शत्रू एकच, पिठ्या ढेकूण. शेंड्यांवर कापसासारखे पुंजके दिसले की तो भाग कापून जाळा, बाकीच्या झाडावर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. निंबोळी तेलाची छोटी बाटली वर्षभर पुरते.

सावलीची जागा असेल तर ब्रुनफेल्सियाही चालतं. जांभळं, फिकट जांभळं, पांढरं असे तीन दिवसांत तीन रंग. सावकाश वाढतं, रोप १५० ते २५० रुपयांना मिळतं. पण ते विषारी आहे, विशेषतः कुत्र्यांना. घरात कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर आणू नका. आणि घाणेरीची रंगीत 'सुधारित' रोपं कुणी विकायला आणली तर तीही नकोत. तिची फुलं पिवळ्याची गुलाबी होतात हे खरं, पण आपल्या भरडावर आणि रानात ती आधीच पुरेशी माजली आहे, आणि गुरांना ती बाधते.

ऑनलाइन घेताना

'रंग बदलणाऱ्या हायड्रेंजियाच्या बिया, ९९ रुपयांत ५०' अशा जाहिराती फिरत असतात. हायड्रेंजियाचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि नावाजलेल्या जाती बियांपासून तशाच्या तशा येत नाहीत. त्या फांदीपासूनच करतात. पाकिटात वाटाण्याएवढं बी निघालं तर ते हायड्रेंजियाचं नाही, एवढं नक्की समजा. निळ्या-इंद्रधनुषी फुलांचे फोटो बहुतेक रंगवलेले असतात.

रोप मागवायचंच असेल तर विक्रेत्याकडून जातीचं नाव, कुंडीचं माप आणि सध्याच्या रोपाचा फोटो आधी मागा. खोका उघडताना व्हिडिओ करा. एकाच हाताने जमत नाही, घरातल्या कुणाला तरी मोबाइल धरायला लावा. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मेलेल्या किंवा भलत्याच रोपाचा फोटो सांभाळून ठेवा. वर्णनाप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत तक्रार नोंदवता येते. तिथेही निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. सहाशे रुपयांच्या रोपासाठी कोण एवढं करणार, असं सगळेच म्हणतात. मी १९१५ ला फोन केला होता. दोन रोपांचे पैसे परत आले.

मातीबद्दल शंका असेल तर रोपावर खर्च करण्याआधी माती तपासून घ्या. किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय, पिंगुळीपासून तसं जवळच. नमुना घेताना वरचा पाला बाजूला करून वीतभर खोल, चार-पाच जागांची माती एकत्र करा, सावलीत सुकवा आणि अर्धा किलो कापडी पिशवीत न्या. खताच्या जुन्या पिशवीत नेऊ नका. निकाल चुकतो.

मधुमालतीचे फुटवे काढायचे ते पहिले दोन-तीन पाऊस पडून माती मऊ झाल्यावर. आईच्या मुळाचा वीतभर तुकडा सोबत येईल असा कोयत्याने घाव घाला, पानं निम्मी कापा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावा. काकींच्या माटवाखाली अजून सात-आठ शिल्लक आहेत. गेल्या मृगात मी आणखी दोन आणले होते. एक गडग्यावर गेला आहे, दुसरा कमानीवर, आणि त्याला परवा पहिला झुबका आला.